खुर्चीचं तोंड इकडे असू दे

सर,

तुमची खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी आहे. मीच वळवली. तुम्हाला सुदामा नगरच्या घरी न्यायला गाडी निघाली, तुमचा नितीन पुढे बसला, आणि मी मागे फिरून वॉर्डाच्या टोकाच्या आपल्या खोलीत आले. कशाला आले, ठाऊक नाही. पर्स राहिली होती बहुतेक. आत आले आणि हात आपोआप तुमच्या खुर्चीकडे गेले. धरली, उचलली, भिंतीकडे वळवली. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! आपण काय केलं ते मग लक्षात आलं आणि मटकन खाली बसले. फरशीवरच.

तेव्हापासून ती तशीच आहे. समोरासमोरची आपली दोन टेबलं, एकापाशी मी आणि दुसऱ्यापाशी तुमच्या खुर्चीची पाठ. तेरावाही होऊन गेला. सिस्टर येतात, बघतात, जातात. वॉर्डातला नियम त्यांनाही माहीत आहे ना. बसलेला माणूस उठला की खुर्ची भिंतीकडे.

नियम तुमचाच. मी साताऱ्याहून नवी नवी आले होते, तेव्हा तो ऐकून मला हसू आलं होतं. वाटलं, इतके मोठे डॉक्टर आणि हे काय खुर्च्यांचं खूळ! तुम्ही मला संध्याकाळी वॉर्डात नेलंत, एका आजोबांच्या कॉटजवळ उभं केलंत आणि म्हणालात, "बघ." खुर्चीवर टॉवेल पडला होता, आजोबांचा चष्मा कपाटात होता, ट्यूबलाइट अजून लावली नव्हती. आजोबा त्या टॉवेलशी मन लावून गप्पा मारत होते. चार दिवसांपूर्वी चालत दवाखान्यात आलेला माणूस! तुम्ही टॉवेल उचललात, त्यांना चष्मा घातलात, दिवा लावलात, खुर्ची वळवलीत. "थकलेला मेंदू आहे, यार," म्हणालात, "त्याला रिकामी जागा दिसली की तो तिथे माणूस बसवतो. आपण त्याला जागा कशाला द्यायची?"

माझी आई फोनवर विचारायची, तू नेमकं करतेस तरी काय गं तिकडे? मी सांगायचे, म्हातारं माणूस पाय मोडून नाहीतर ताप येऊन दवाखान्यात येतं आणि बघता बघता त्याचं भान सुटतं, सकाळी बरं असतं आणि दिवेलागणीला पुन्हा सगळं विस्कटतं, त्याला डिलिरियम म्हणतात, त्याचा अभ्यास. आई म्हणायची, म्हणजे वात. हो बाई, वात. इथले नातेवाईक म्हणतात डोकं फिरलं, आणि भेटायला आलेली शेजारीण हमखास म्हणते, "हवा लग गई." त्या शब्दावर तुम्ही कधी चिडला नाहीत. "लगी तो है," म्हणायचात, "आता कुठून लागली ते शोध. लघवीत इन्फेक्शन आहे का, पाणी कमी पडतंय का, झोप झाली का, कानाचं मशीन घरी राहिलंय का. अर्थ नंतर शोध." आणि आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे सगळे धावले की तुम्ही उलट दिशेला, गप्प पडलेल्या म्हातारीकडे जायचात. म्हणायचात, जास्त लांब ती गेलेली असते आणि तिला कुणी हाक मारत नाही.

तुमचं ते पोह्यांचं तत्त्व मी अजून नव्या मुलांना शिकवते. कागदावरचे प्रश्न विचारायचेच, तारीख, वार, जागा, महिने उलटे म्हणा. पण त्याआधी विचारायचं, सकाळचे पोहे कसे होते? इंदूरचा माणूस पोह्यांवरून भांडला नाही तर समजायचं, काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, सर, हे शास्त्रात कसं बसवायचं? तुम्ही म्हणालात, "सातारच्या बाई, शास्त्र बसेल हळूहळू. इथला पेशंट मराठीत सुरुवात करतो, हिंदीत दुखणं सांगतो आणि माळवीत शिव्या देतो. तो शिव्या कधी देतोय ते ऐकायला शिक."

आपलं खरं भांडण महूच्या आजींवरून झालं. आठवतंय ना? शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, तापाने आलेल्या. त्यांना खुर्चीत त्यांचा भाऊ दिसायचा. तो कधीचा वारला होता. त्या मला सारख्या विचारत होत्या, "त्याला चहा दिला का गं?" मी म्हटलं, "दिला, आजी. दोन कप प्याले." आजींनी डोळे मिटले आणि शांत झोपल्या. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही मला या खोलीत बोलावलंत, दार लावलंत आणि म्हणालात, "मुक्ताजी." एरवी मी मुक्ता. नावापुढे 'जी' लागलं की समजायचं, आता धडगत नाही.

"मुक्ताजी, तुम्ही आज त्यांच्याशी खोटं बोललात."

"त्या झोपल्या, सर."

"उद्या शुद्धीवर येतील. तेव्हा त्यांना आठवलं, की सगळं खोटं होतं आणि ही डॉक्टरीणबाईसुद्धा त्यात सामील होती, तर? मग कुणावर भरवसा ठेवायचा त्यांनी? बुडत्याला काठावर उभा असलेला एक माणूस लागतो. तुम्ही पण पाण्यात उडी मारली तर कसं चालेल?"

मी पण काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "आणि भाऊ मेला म्हणून रोज संध्याकाळी नव्याने सांगायचं? रोज त्यांनी नव्याने रडायचं? हे तुमचं औषध?"

तुम्ही म्हणालात, खरं फेकून मारायचं नाही, पण हातात द्यायचं. मी म्हटलं, हातात दिलं तरी निखारा तो निखाराच. मग चहा आला म्हणून थांबलो, नाहीतर त्या दिवशी काही खरं नव्हतं. तो वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. तुमच्या स्कूटरवर मागे बसून, तुमच्या ओट्यावर कुमुदकाकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी खात. काकू म्हणायच्या, "अहो, तिला जेवू द्या ना!" आणि तुम्ही म्हणायचात, "तीच भांडते आहे, मी तर फक्त बरोबर आहे."

काकू गेल्या तेव्हा तुम्ही रडला नाहीत. महिनाभराने मला म्हणालात, "मुक्ता, मला जर कधी डिलिरियम झाला ना, तर मी परत येऊन सांगेन तुला. आतून कसं असतं, आपल्यातलं कोण बरोबर होतं, सगळं. पक्का वादा." मी म्हटलं, सर, काहीतरी अभद्र बोलू नका. तुम्ही हसलात. "अगं, संशोधन आहे. आत जाऊन आलेला आपल्यातला कुणी तरी पाहिजे ना?"

आणि गेलातच की हो तुम्ही.

नौतपाचे नऊ दिवस सुरू झाले होते, इंदूर नुसतं भाजून निघत होतं. कूलरमध्ये पाणी भरायला बाई येते, तिची वाट बघायची ना! नाही. स्वतः बादली उचलली, सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरला, आणि खुबा मोडला. बादली म्हणे सरळच उभी होती. ऑपरेशन छान झालं. नितीन बेंगळुरूहून आला. तुम्हाला आपल्याच वॉर्डात, खिडकीजवळची कॉट मिळाली. मी स्वतः चष्मा लावून दिला, घड्याळ समोर टांगलं, खुर्ची जागेवर ठेवली, नितीनला सगळे नियम सांगितले. पाणी, उजेड, झोप, आपलं माणूस. तुम्ही शिकवलेलं सगळं केलं, सर. एकही गोष्ट सोडली नाही. तरी झालं.

पहिल्या संध्याकाळी नितीन खुर्चीवर बसला आणि तुम्ही ओरडलात, "अरे गाढवा, ऊठ! आईच्या मांडीवर बसतोस?"

तो चटका बसल्यासारखा उठला. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता. मी जे वर्षानुवर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आले तेच त्याला सांगितलं. हो म्हणू नकोस, वादही घालू नकोस. नाव सांग, जागा सांग, हात धर. त्याने तुमचा हात धरला. "बाबा, मी नितीन. तुम्ही दवाखान्यात आहात. पायाचं ऑपरेशन झालंय."

"ते कळलं रे. कुमुद केव्हा आली?"

"बाबा... आई नाही आता."

तुम्ही ज्या नजरेने त्याच्याकडे बघितलंत, ती मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. काकू गेल्या तेव्हा न रडलेलं सगळं तुम्ही त्या संध्याकाळी रडलात. आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. आणि तिसऱ्या. दर वेळी पहिल्यांदाच ऐकत होतात. खुर्ची मी भिंतीकडे वळवायचे, तर तुम्ही खुर्चीच्या पाठीला म्हणायचात, "रागावलीस का?" सिस्टर दारातून हळूच सांगायच्या, "मॅडम, सर फिर आंटी से बात कर रिये हैं." नितीन मला बाहेर गाठून म्हणाला, "ताई, एकदा फक्त हो म्हणू दे. आई आलीये म्हणू दे. मला नाही बघवत." आणि मी, महूच्या आजींच्या भावाला दोन कप चहा पाजणारी मी, काय म्हणाले असेन? म्हटलं, "नको. काठावर थांब." तुमचं वाक्य! तोंडातून तेच निघालं. वाद मी घातला आयुष्यभर आणि वेळ आली तेव्हा बाजू तुमची घेतली. तुम्ही ऐकलं असतंत तर टाळी मागितली असतीत.

आणि मग ती सकाळ.

मी आले तर तुम्ही उशीला टेकून बसलेले. समोर बशी. माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्यात आणि म्हणालात, "मुक्ता, ह्या पोह्यांत शेव कुठाय?"

सर, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडते काय? वर जिरावण मसाला पण नाही भुरभुरलेला. आजारी माणसाला अजून आजारी पाडायचा धंदा आहे हा. कँटीनवाल्या भियाला बोलव."

तरी मी कागद काढला. तारीख, वार, जागा. सगळं बरोबर. वर मला दटावलंत, "जागेचा मजला नाही विचारलास, एक प्रश्न गाळलास." महिने उलटे म्हणालात ते इतके भराभर की माझंच बोट मागे पडलं. आत्तापर्यंतच्या माझ्या पेशंटमध्ये इतकं स्वच्छ उत्तर कुणी दिलेलं मला आठवत नाही. नितीन घरी अंघोळीला गेला होता. म्हटलं, मोका आहे. स्टूल ओढलं आणि बसले. "सर, कबूल केलं होतंत. सांगा."

"सांगतो गं. दम धर." थोडं पाणी प्यालात. "तुझा आवाज यायचा. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असतो ना, तसा. शब्द कळायचे नाहीत, पण ही बाई आहे, चालू आहे, एवढं कळायचं. बरं वाटायचं."

"आणि नितीनचा?"

तुम्ही पेला बाजूला ठेवलात. मग म्हणालात, "त्याला सांग, त्याचं काही चुकलं नाही. तो रोज मला खरं सांगत होता आणि मी रोज कोसळत होतो. पण सांगणारा माझा मुलगा आहे, हे त्याच वेळी कळायचं. बाकी कशाचा भरवसा नव्हता. नक्की सांग हं त्याला. मी सांगेनच, पण तू पण सांग."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, चला, वाद मिटला, म्हातारा जिंकला. आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ती खुर्ची जरा इकडे कर."

"कशाला? मी बसलेय ना स्टुलावर."

"कर गं."

मी वळवली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि तुमचा चेहरा असा काही निवळला की मी कागद पुन्हा जवळ ओढला. हळूच विचारलं, "सर, कुणी दिसतंय का तिथे?"

"कप्पाळ!" तुम्ही हसलात. "रिकामी आहे. चष्मा लावलाय मी. मला काय वेड लागलंय?" आणि मग, डोळे मिटता मिटता, "पण तोंड इकडे असू दे."

"का पण, सर?"

"संध्याकाळी सांगतो. आत्ता झोप येऊन राहिली आहे."

नितीन आला तेव्हा तुम्ही झोपला होतात. त्याने उठवलं नाही. झोपू दे म्हणाला, किती दिवसांनी झोपलेत. आणि त्या झोपेतच, भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, तुमचं हृदय थांबलं. आम्ही जे करायचं ते सगळं केलं. ते इथे नको.

त्याला तुमचा निरोप मी त्याच दिवशी दिला. त्याने मान हलवली, पण ऐकलं की नाही कळलं नाही. तेराव्याला मंडळी जेवून गेल्यावर, तुमच्या पुढच्या खोलीत, बंद कूलरशेजारी उभं राहून त्याने विचारलं, "ताई, बाबा तेव्हा शुद्धीत होते ना? म्हणजे जे बोलले, ते त्यांचंच होतं ना? का तेही..."

मी हो म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं, सर. एक घोट पाण्याइतका उशीर झाला. त्याने तो उशीर पाहिला. त्याचा चेहरा पडला आणि त्याने विषय बदलला. उद्या तो बेंगळुरूला जातोय, आणि तो उशीर बरोबर घेऊन जाणार. आयुष्यभर त्याला वाटत राहील की बापाने माफ केलं ते बरळण्यात केलं. म्हणजे केलंच नाही.

काय करू? तुम्हीच शिकवलंत, नातेवाइकांशी खोटं बोलायचं नाही. कागदावर तुम्ही स्वच्छ होतात. पण कागद खुर्चीचं काही विचारत नाही. डिलिरियम जातो, येतो, स्वच्छ सकाळीही त्याचा एखादा कोपरा शिल्लक राहतो, हे तुम्हीच मला सांगितलेलं. मेलेल्या बायकोसाठी रिकामी खुर्ची आपल्याकडे वळवून मागणारा माणूस, हा शुद्धीतला की नाही? दुसरा पेशंट असता तर मी काय लिहिलं असतं? प्रश्नचिन्ह. मी तर चहा पाजणारी बाई ना, अर्थ शोधणारी! तुमच्या बाबतीत मात्र अर्थ लागला की भीती वाटते, आणि नाही लागला तरी भीतीच वाटते.

तुमचं सांगायचं राहिलं, म्हणून मला सोडत नाही आहात, सर. संध्याकाळी वॉर्डातून जाताना खिडकीजवळच्या कॉटवरून "मुक्ता" ऐकू येतं. तिथे आता उज्जैनचे एक काका आहेत, त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. सुदामा नगरच्या वळणावर पुढच्या स्कूटरवर तुमचीच पाठ दिसते, जवळ जाते तर भलताच कुणीतरी. मी याच गोष्टीची डॉक्टर आहे. दुःखात असं होतं, त्याला नाव आहे, ते मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देते. माहीत असून उपयोग काय? आवाज यायचा तो येतोच. आणि खरं सांगू? आला नाही तर त्या दिवशी घरी जाववत नाही. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ इथे बसते, या खोलीत, तुमच्या खुर्चीची पाठ बघत. किती चिडले मी त्या पाठीवर! एकदा तर चक्क बोलले तिला. म्हटलं, आता बोला ना, सर! संध्याकाळ झाली, सांगणार होतात ना?

आत्ता लिहिता लिहिता उठले आणि ती वळवली.

अवघड काहीच नव्हतं. दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. आता ती माझ्याकडे तोंड करून आहे, तुम्ही वाद घालायला पुढे सरकून बसायचात तशी टेबलाला टेकून. तिच्याकडे बघितलं आणि गेले इतके दिवस जो दगड छातीवर होता तो जरा हलला. दिसलं कुणीच नाही, शपथ. पण बरं वाटलं, सर. आणि मग कळलं. तुम्ही संध्याकाळी काय सांगणार होतात ते कळलं, असं नाही म्हणणार मी, ते तुम्ही घेऊन गेलात. पण नितीनला काय सांगायचं ते कळलं.

घ्या, तपासा. आज मंगळवार. जागा, वॉर्डाच्या टोकाची खोली, पूर्वी इथे सलाइनची खोकी ठेवायचे. मजला दुसरा, तो प्रश्न गाळलेला नाही. सकाळी पोहे खाल्ले, शेव नावाला होती, कँटीनवाल्याशी भांडले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. चष्मा लावलाय. पाणी प्यालेय. मी पूर्ण शुद्धीत आहे, आणि तरी खुर्ची मीच इकडे वळवली.

हे संपवलं की नितीनला फोन करणार आहे. हो म्हणायला या वेळी उशीर नाही लागणार.

खुर्ची रिकामी आहे, दिसतंय मला. बसा, सर.